काटा पुढे, गाडी मागे
चार चाकांचं विज्ञान : लेखांक ६

टायरच्या बाजूवर छापलेले १८५/६५ आर १५ यांसारखे आकडे कसे वाचायचे, ते मागच्या लेखात पाहिलं. डॅशबोर्डवरच्या काट्याशी त्यांचा काय संबंध, ते आज पाहू.

मोबाइलवर नकाशा लावून गाडी चालवणाऱ्यांच्या हे हमखास लक्षात आलेलं असतं : काटा शंभरावर, आणि मोबाइल म्हणतो पंच्याण्णव. खरं कोणाचं? रस्ता मोकळा आणि वेग स्थिर असेल, तर बहुधा मोबाइलचं.

स्पीडोमीटरला रस्ता कळत नाही, कळतात ते चाकाचे फेरे. ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात फिरत्या केबलच्या टोकाला लोहचुंबक असे. तो फिरला की शेजारच्या धातूच्या वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होत, वाटी चुंबकामागे ओढली जाई आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेची. या ओढाताणीत वाटी जिथे स्थिरावे, तिथे काटा थांबे. आता केबल जाऊन सेन्सर आले आणि फेऱ्यांची मोजणी चोख झाली. पण फेऱ्यांना चाकाच्या घेराने गुणायचं हे गणित कायम आहे, आणि हा घेर कंपनीने आधीच ठरवून ठेवलेला असतो.

प्रत्यक्षात घेर बदलत राहतो. वरच्या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर, घेर १९५. म्हणजे एका किलोमीटरला साधारण ५१२ फेरे. नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर धरली आणि ती झिजून १.६ वर आली, तर व्यास जवळपास १३ मिलिमीटरने घटतो. तेवढ्याच किलोमीटरला दहाएक फेरे जास्त पडतात आणि काटा दोन टक्के पुढे सरकतो. उलट, १९५/६५ आर १५ टायर चढवले की तो तेवढाच मागे पडतो.

पण पाच-सहा टक्क्यांचा फरक एवढ्याने भरून निघत नाही. उरलेला मुद्दाम ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांपैकी ३९ क्रमांकाचा नियम युरोपसह अनेक देशांत पाळला जातो. तो सांगतो : दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी नसावा, जास्त असला तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किलोमीटर, इथपर्यंत चालेल. म्हणजे खरे ४० असताना काटा ४८ पर्यंत, ८० असताना ९२ पर्यंत आणि १०० असताना ११४ पर्यंत गेला तरी तो नियमातच. ग्राहक पुढे कुठले टायर बसवेल, हवा किती ठेवेल, हे कंपनीला कुठून कळणार? काटा कमी दाखवू लागला, तर मर्यादा पाळणाऱ्यालाही दंड बसायचा. म्हणून चूक एकाच बाजूला झुकवलेली.

तुमच्या गाडीत फरक किती, हे तपासायला उपकरण लागत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात, गर्दी नसताना, काटा मर्यादेच्या आत एकाच आकड्यावर ठेवा. किलोमीटरच्या पाट्या बघून पाच किलोमीटरला लागलेले सेकंद शेजारी बसलेल्याने मोजायचे. चालवणाऱ्याने घड्याळाकडे बघायचं नाही. १८,००० ला त्या सेकंदांनी भागलं की खरा सरासरी वेग मिळतो. काटा शंभरावर ठेवून १९० सेकंद लागले, तर खरा वेग पंच्याण्णवच्या आतच. मोबाइलचा आकडा हाच पडताळा देतो, पण तो बोगद्यात बेभरवशाचा आणि ब्रेक दाबताना किंचित उशिरा बदलणारा.

फरक कळल्यावर ‘चला, पाच आपल्या खिशात’ म्हणून पाय दाबायचा मोह होतो. तो टाळावा. आज नवे, थोडे मोठे टायर चढवले की ते पाच उद्या उरत नाहीत, आणि कॅमेरा मोजतो तो गाडीचा वेग, काट्याचा नव्हे. टायरचं माप बदलणार असाल, तर आधी घेराचं गणित करा आणि मग दुकानदाराशी बोला.

(पुढील लेखांक : चाकाचे तेच फेरे मोजणारा ओडोमीटर)