आधी बरणी, मग भाकीत

काढलेली गाठ लॅबमध्ये आली की आधी बरणीचं झाकण उघडावं लागतं. फॉर्मालिन डोळ्यांना झोंबलं की बरं वाटतं. झोंबलं नाही, तर कुणीतरी गाठ नुसत्या सलाईनमध्ये टाकून पाठवली आहे, हे सोबतचा कागद वाचण्याआधीच कळतं. सलाईनमध्ये गाठ टिकत नाही, सडत जाते. आणि सडायला सुरुवात झाली की सगळ्यात आधी जातो तो पेशींतला आरएनए.

मी अकोल्याला पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गाव वडनेर भोलजी, तालुका नांदुरा. मुंबई-कोलकाता महामार्गावरचं गाव. पश्चिमेला मलकापूर, पूर्वेला नांदुरा, खामगाव आणि पुढे अकोला. मोठं दुखणं निघालं की गावचा माणूस याच रस्त्याला लागतो. अकोल्यात भागलं नाही तर नागपूर, नाहीतर मलकापूरहून रेल्वेने मुंबईचं टाटा रुग्णालय.

गावातल्या एका काकूंच्या स्तनातली गाठ अशीच एका छोट्या दवाखान्यात काढली गेली. वय पन्नाशीच्या पुढे, गाठ लहान, काखेतल्या ग्रंथी साफ, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. कॅन्सरमधल्या त्यातल्या त्यात बऱ्या बातम्या म्हणायच्या. मुलगा रिपोर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, मायचं केमो टळीन का?" मोठ्या डॉक्टरांनी त्याला जीन टेस्ट सुचवली होती.

त्या टेस्टचा सगळा खटाटोप या एका प्रश्नासाठी असतो. गाठीतल्या पेशींत जी जनुकं त्या घडीला कामाला लागलेली असतात, त्यांच्या आरएनए प्रती तयार होतात. कुठल्या जनुकाच्या किती प्रती आहेत, ते मोजलं की गाठ किती जोरात वाढते आहे, हार्मोनवर किती अवलंबून आहे, याचा अंदाज बांधता येतो. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००२ साली ७० जनुकांचा असा संच मांडला. तोच पुढे मॅमाप्रिंट झाला. ऑन्कोटाइप डीएक्स २१ जनुकं पाहते. त्यातली १६ कॅन्सरशी संबंधित, आणि उरलेली पाच केवळ तुलनेसाठी. उत्तर येतं ० ते १०० मधल्या एका आकड्यात. आकडा जितका मोठा, तितकी आजार परतायची भीती जास्त.

आमचं काम त्याच्या कितीतरी आधीचं. ग्रॉसिंगच्या टेबलावर गाठ मोजायची, कापायची, तुकडे कॅसेटमध्ये भरायचे. रात्रभर मशीनमध्ये अल्कोहोल, झायलीन आणि गरम मेण यांतून ते जातात. सकाळी मेणाचा ब्लॉक तयार. तो बर्फावर गार करायचा आणि मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर लावायचा. स्लाइडसाठी चार मायक्रॉनचे काप निघतात. पात्यावरून त्यांची फीत सरकत येते, ती ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप जातात. या कामात घाई केली की काप फाटलाच.

आरएनएसाठी काप जाड, साधारण दहा मायक्रॉनचे. पाण्यावर सोडायचे नाहीत, थेट ट्यूबमध्ये टाकायचे. पातं नवं, हातमोजे नवे, कारण आरएनए खाणारी विकरं माणसाच्या कातडीवरच असतात. पॅथॉलॉजिस्ट मॅडम रंगवलेल्या स्लाइडवर पेनने गाठीभोवती रेघ मारून देतात. रेघेबाहेरची चरबी आणि चांगला भाग नको, नाहीतर निरोगी पेशींचा आरएनए मोजला जायचा.

पुढचं मी मुंबईला प्रशिक्षणात पाहिलं. मेण धुऊन काढतात, प्रोटिनेज के घालून पेशी विरघळवतात, डीएनए नष्ट करतात आणि मागे राहतो डोळ्यांना न दिसणारा आरएनए. फॉर्मालिनमुळे त्याचे बारीक तुकडे झालेलेच असतात. आखूड धाग्याच्या कापसाचंही सूत निघतं, पण यंत्र त्या बेताने लावावं लागतं. तसं इथेही मोजणी मुद्दाम लहान तुकड्यांवर बेतलेली असते. मग आरएनएवरून डीएनएची प्रत करतात आणि ती पीसीआरमध्ये दुप्पट-दुप्पट वाढवतात. पडद्यावर एकेक रेघ वर उठू लागते. एका फेरीने लवकर उठली, म्हणजे मुळात माल जवळजवळ दुप्पट होता. तुलनेची पाच जनुकं इथे कामाला येतात. त्यांच्याच रेघा फार उशिरा उठल्या, तर नमुना बाद.

काकूंचा नमुना बाद झाला. त्यांची गाठ रात्रभर सलाईनमध्ये होती, आणि आली तीही न चिरता, अख्खी. फॉर्मालिन तासाला जेमतेम एखादा मिलिमीटर आत शिरतं. गाठ चिरून टाकली नाही तर बाहेरून टणक होते आणि आतून नासते. केमो द्यायचं की नाही, हे मग जुन्या पद्धतीने, वय, आकार आणि ग्रेड बघून ठरलं. दिलं. गरज होती का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

हे मनाला लागतं, कारण असं केमो टाळता येतं हे सिद्ध झालेलं आहे. २०१८ साली टेलरएक्स या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ११ ते २५ असा मधला आकडा असलेल्या ६,७११ स्त्रियांमध्ये नुसत्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आणि जोडीला केमोही घेणाऱ्या जवळपास सारख्याच निघाल्या. पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र, आकडा १६ किंवा त्याहून वर असेल तर, केमोचा थोडा फायदा दिसला. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात होताना दिसतो. म्हणून हा अपवाद तळटीप समजून सोडून देता येत नाही.

पैशाचं विचाराल तर ऑन्कोटाइपचा खर्च लाखांत जातो. बेंगळुरूच्या ऑन्कोस्टेममध्ये डॉ. मंजिरी बाकरे यांच्या चमूने कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही चाचणी उभी केली. ती आरएनए मोजत नाही. पाच प्रथिनं रंगवून बघते, त्यात गाठीचा आकार, ग्रेड आणि काखेतल्या ग्रंथी धरून गणित मांडते. खर्च कमी, आणि भारतीय रुग्णांच्या ब्लॉकवर पारखलेली. मला हा रस्ता आपल्या खिशाला जास्त मानवणारा वाटतो.

पण आमच्या भागातल्या कितीतरी बायांच्या बाबतीत केमो टाळायचा प्रश्नच उभा राहत नाही. कापसाची वेचणी उरकली की जाऊ, दुखत तर नाही, मंग कायले जा दवाखान्यात, असं करत गाठ मोठी होऊन जाते. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत दीड लाखांवर स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफी नव्हती, जीन टेस्ट नव्हती.

तेव्हा आशाताई तपासणीला बोलावतील तर जा. आणि घरात कुणाची गाठ काढायची वेळ आली, तर शस्त्रक्रियेच्या आधीच विचारा: फॉर्मालिन आहे का, गाठीच्या दहापट आहे का, गाठ तासाभरात त्यात पडेल का? बरणीवर नाव आणि वेळ लिहून घ्या. रिपोर्टवर ब्लॉकचा नंबर असतो, तो जपा. पुढच्या तपासणीला ब्लॉक लागला तर लॅबमधून मागून घ्या. आणि तो नेताना एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, मेण वितळतं.