न चावणारा राखणदार

15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कच्या आकाशात एका प्रवासी विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले आणि वैमानिकाला ते हडसन नदीत उतरवावे लागले. विमानातली 155 माणसे वाचली. दोषी ठरला तो कॅनडा हंस. कवींचा शुभ्र हंस तो हा नव्हे. याची मान काळी, गाल पांढरा, अंग तपकिरी. पुढे जुलै 2010 मध्ये ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधले सुमारे 400 हंस पकडून मारण्यात आले. वास्तविक विमानावर आदळलेले हंस दूर उत्तरेचे पाहुणे होते, हे त्यांच्या पिसांच्या तपासणीवरून 2009 सालीच दिसून आले होते.

बागेत हे हंस ठाण मांडतात, कारण सोय आपणच केलेली असते. खायला कापलेली हिरवळ, लपायला तळे आणि वर पाव टाकणारे हात! विष्ठेने वाटा निसरड्या होतात, पाणी बिघडते. तेव्हा लोकांची तक्रारही खोटी नसते.

मग मारण्यावाचून उपाय नाही काय? आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढ्या वळणारा बॉर्डर कॉली कुत्रा. अंग जमिनीशी लववून, नजर रोखून तो पुढे सरकतो. लांडग्याच्या शिकारीतला दबा आणि पाठलाग धनगरांनी त्याच्यात जोपासला, शेवटचा चावा तेवढा गाळला. बुजगावण्याला हंस लवकरच सरावतात. हा मात्र पाण्यातही मागे येतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर 2015 साली हाच उपाय योजला गेला.

मात्र सोबत जाणता माणूस हवा, आणि त्याच्या शिटीसरशी कुत्रा थांबला पाहिजे. फेऱ्या घरटी होण्यापूर्वी सुरू कराव्यात. पिल्ले लहान असताना किंवा पिसे झडून हंसांना उडता येत नसताना कुत्रा सोडू नये. ज्याला पळायला वाट नाही त्याला हाकणे हा छळ होय. शिवाय एका बागेतून उठलेला थवा दुसरीत उतरतो, म्हणून काठचे गवत वाढू द्यावे आणि पाव टाकणेही थांबवावे.

मारणे हे एका सकाळचे काम, हाकणे ही रोजची मजुरी. फेरीत खंड पडला की हंस परत येतात. आम्ही उभा जन्म कामगारांच्या लढ्यांत काढला. हात न उगारता दबाव आणायचा तर रोज दारात उभे राहावे लागते, हे आम्ही जाणतो. बागेच्या अंदाजपत्रकात त्या रोजच्या फेरीचा पगार धरला, तरच ही दया टिकेल.