जुन्या झेनचं इंजिन नव्याने बांधायचंय? आधी पॉवरचं आणि आरसीचं गणित समजून घ्या

१९९३ साली मारुतीची झेन आली. ९९३ सीसीचं इंजिन, ५० बीएचपी पॉवर आणि वजनाला हलकी, त्यामुळे गाडी पळायची झकास. आज त्या झेन जुन्या झाल्यात, पण शौकीन लोक त्या शोधून इंजिन नव्याने बांधून घेतात. डोक्यात एकच असतं, गाडी पहिल्यापेक्षा जोरात पळाली पाहिजे.

पण इंजिन बांधलं की खरंच पॉवर वाढते का?

तर इंजिन जुनं झालं की सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. दाब गळतो, ऑइल जळतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. म्हणून इंजिन खोलायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट करतात. आकडा कमी आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजतात. आता आकडा वाढला तर सहसा दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा. नाही वाढला, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. म्हणजे नुसत्या हेडच्या कामात भागतंय का पूर्ण इंजिन उतरवायचं, याचा अंदाज इथेच येतो.

सिलिंडर झिजला असेल तर बोअरिंग करून मोठा पिस्टन टाकतात. गैरसमज इथेच होतो. झेनचा बोअर ७२ मिलिमीटर, स्ट्रोक ६१. पिस्टन अर्धा मिलिमीटर मोठा टाकला, तर चारही सिलिंडर मिळून वाढतात जेमतेम १४ सीसी. गाडी जोरात पळतेय असं वाटतं, कारण गेलेली पॉवर परत आलेली असते.

खरी वाढ हेडमधून मिळते. व्हॉल्व्ह नीट बसवले, हवेचे मार्ग साफ केले की इंजिन मोकळा श्वास घेतं. हेड घासून कॉम्प्रेशनही वाढवतात. पण जास्त घासलं तर साध्या पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनची वाट लागते.

मग काही जण थेट एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिनच बसवतात. इथे विषय गंभीर होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. खराब इंजिनच्या जागी त्याच प्रकारचं दुसरं टाकायचं, तरी आरटीओची परवानगी लागते. बेकायदा बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर क्लेम अडवू शकते.

शिवाय इंजिन मोठं झालं तरी ब्रेक जुनेच असतात. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर क्रम साधा आहे. आधी कॉम्प्रेशन टेस्ट, मग ब्रेक आणि टायर, मग मूळ मापाप्रमाणे इंजिनचं काम. आणि नवीन रिंगा बसेपर्यंत पहिले हजार किलोमीटर गाडी दामटायची नाही.