विजेच्या विमानाची मोटार बदलतांना

रत्नागिरीस मांडवीच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात आणि त्याच्या उत्तरेकडील किनाऱ्याला पांढरा समुद्र. हीं नांवें पाण्यावरून पडलेलीं नसून वाळूवरून पडलेलीं आहेत. काळ्या वाळूंत इल्मेनाइटसारखीं लोहयुक्त जड खनिजें असतात. जोरदार लोहचुंबक तींत फिरवून बाहेर काढला, तर त्यास काळ्या कणांची दाढी फुटते. पाहणाऱ्यास ही मौज वाटते. परंतु बिनतारी संदेशानें चालणारें आपलें छोटें विमान ज्यानें या वाळूंत उतरविलें, त्यास ती मौज महाग पडते.

या विमानांत हल्लीं बहुधा ब्रशविरहित मोटार असते. तिच्यांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं स्थिर राहतात आणि आंतून चुंबक चिकटविलेली बाहेरची डबी पंख्यासह फिरते. दोहोंमधील फट अर्ध्या मिलिमीटराहूनहि कमी. त्या फटींत काळे कण शिरले कीं चुंबक त्यांस सोडीत नाहीं, आणि डबी फिरतांना ते आंतला गाभा खरवडीत राहतात. खाऱ्या हवेनें बेअरिंग गंजतात तें निराळेंच. बॅटरी काढून पंखा हातानें फिरवावा. खरखर ऐकूं आली तर डबी उतरवून चिकटपट्टीनें कण उचलावे. तरीहि खरखर राहिली, किंवा दांडा वांकला असला, तर मोटार बदलावी. जांभ्याच्या सड्यावर नाक आपटलेल्या विमानाचा दांडा सरळ राहिला, तर तें नशीबच समजावें.

नवी मोटार घेतांना मोठी ती चांगली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खोटा आहे. मोटारीवर २२१२ असा आंकडा असल्यास त्याचा अर्थ बहुधा गाभ्याचा व्यास २२ मिलिमीटर व उंची १२ मिलिमीटर असा होतो. दुसरा आंकडा केव्हीचा. यास कोणी किलोव्होल्ट समजूं नये. पंखा न लावतां दर व्होल्टास मिनिटाला किती फेरे होतात, तें हा आंकडा सांगतो. १००० केव्हीची मोटार ११.१ व्होल्टांच्या लिथियम बॅटरीवर मिनिटास सुमारें ११,१०० फेरे घेईल. पंखा लावतांच ते पुष्कळ कमी होतील.

खरी मेख पंख्यांत आहे. फेरे तेच ठेवून पंख्याचा व्यास ९ इंचांवरून १० इंचांवर नेला, तर लागणारी शक्ति सुमारें दीडपट होते, कारण ती व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढते. पंखा तोच ठेवून फेरे दुप्पट केले तर ती आठपट होते. म्हणून अधिक केव्हीच्या मोटारीस जुनाच पंखा लावणारा मनुष्य नकळत वेग-नियंत्रकावर असह्य भार टाकतो. पुष्कळ विमानांत रिसीव्हरास व सुकाणूच्या छोट्या मोटारींस वीज याच नियंत्रकांतून मिळते. तो आकाशांत जळाला कीं विमान नुसतें पांगळें होत नाहीं, तें बहिरेंहि होतें. मग खालीं कोण उभें आहे, हें तें पाहत नाहीं.

मोटार बसवितांना स्क्रूंची लांबी अवश्य पाहावी. एखादा मिलिमीटर लांब स्क्रू आंतील वेटोळ्यास टेंकतो, लेप फाटतो आणि नवी मोटार पहिल्याच दिवशीं जळते. जुन्या मोटारीचें तोंड किंचित् खालीं व उजवीकडे वळलेलें असल्यास तो कारागिराचा निष्काळजीपणा समजून सरळ करूं नये. पंख्याच्या ओढीनें विमान वर व डावीकडे जाऊं पाहतें, त्यासाठीं ती योजना असते. तिन्ही तारा जोडल्यावर मोटार उलट फिरली, तर कोणत्याहि दोन तारांची अदलाबदल करावी. ही परीक्षा पंखा काढूनच करावी. एवढासा पंखा बोट तोडूं शकतो.

मग वजन. नवी मोटार हलकी असल्यास गुरुत्वमध्य मागें सरकतो आणि शेंपूट जड झालेलें विमान हातीं राहत नाहीं. बॅटरी पुढें सरकवून तो कारखान्यानें दिलेल्या खुणेवर आणावा. नंतर पंखा लावून, विमान घट्ट बांधून व आपण पंख्याच्या मागें उभे राहून पूर्ण वेगाचा प्रवाह मापकावर पाहावा. मोटार आणि नियंत्रक यांपैकीं ज्याची मर्यादा कमी, तिच्या आंत तो पाहिजे; त्याहून अधिक भरल्यास लहान पंखा लावावा.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्यास विमानतळ असल्यामुळें २०२१ च्या ड्रोन-नियमांनुसार आपली जागा कोणत्या रंगाच्या पट्ट्यांत येते, तें सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आधीं पाहावें. जागा गवताळ असावी. पहिलें उड्डाण सकाळीं, समुद्रावरील वारा सुटण्यापूर्वीं करावें आणि तीन मिनिटांत विमान उतरवून मोटारीस बोट लावून पाहावें. बोट ठेववत नसेल, तर त्या दिवशीं पुन्हां उडवूं नये.