घानाचा कोको : तिघांचा कारभार

चॉकलेटची वडी आता खेडेगावच्या दुकानातही मिळते. मुले ती आवडीने खातात. पण ती होते कशाची, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती होते कोकोच्या बियांपासून. कोको हे एक झाड आहे. त्याला पाऊस लागतो, ऊब लागते, आणि डोक्यावर मोठ्या झाडांची सावली मानवते.

या झाडाचे फळ फणसासारखे खोडाला लागते. फळ फोडले की आत पांढऱ्या गरात ३०-४० बिया असतात. शेतकरी त्या गरासकट बाहेर काढतो. केळीच्या पानांत झाकून पाच-सहा दिवस आंबवतो. मध्ये दोनदा खालीवर करतो. मग बांबूच्या तट्ट्यांवर पसरून आठवडाभर, कधी त्याहून जास्त, उन्हात वाळवतो. आंबवणे बिघडले तर चॉकलेटला चव येत नाही. वाळवणे बिघडले तर बियांना बुरशी धरते. म्हणजे कोकोची प्रत ठरते ती शेतकऱ्याच्या अंगणातच.

घाना कोठे आहे?

नकाशा उघडा. आपल्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. तो ओलांडला की आफ्रिका खंड लागते. त्या खंडाच्या पार पलीकडच्या किनाऱ्यावर घाना देश आहे. पूर्वी तेथे इंग्रजांचे राज्य होते. ते त्याला गोल्ड कोस्ट, म्हणजे सोन्याचा किनारा, म्हणत. आपल्यामागून दहा वर्षांनी, ६ मार्च १९५७ रोजी, तो देश स्वतंत्र झाला आणि त्याने घाना हे नाव घेतले.

कोको मूळचा घानाचा नव्हे. तो अमेरिका खंडातला. घानात तो रुजवला याचे श्रेय लोक टेटे क्वार्शी नावाच्या एका लोहाराला देतात. हा लोहार कामासाठी फर्नांडो पो नावाच्या बेटावर गेला होता. तेथून त्याने कोकोचे बी आणले आणि १८७९ च्या सुमारास मांपोंग गावी लावले. पाद्री लोकांनीही त्याआधी रोपे आणून पाहिली होती. पण लोहाराची झाडे लोकांनी डोळ्यांनी पाहिली, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून बी नेले. पुढे १८९० साली सरकारने आबुरी गावी रोपांची बाग काढली. तेथून शेतकऱ्यांना रोपे मिळू लागली.

शेतकरीही स्वस्थ बसले नाहीत. पाच-पंचवीस जण एकत्र येत, वर्गणी काढीत, दूरचे रान विकत घेत आणि आपसांत वाटून लागवड करीत. माल नेता यावा म्हणून त्यांनी डेन्सू नदीवर स्वतःच्या पैशाने पूलही बांधले. अशा रीतीने १९११ साली हा लहानसा मुलूख कोको पिकवण्यात जगात पहिला आला. घामाचा मोठा वाटा शेतकऱ्याचा, आणि हात सरकारचा, असा तो मेळ होता.

व्यापारी एक झाले, तेव्हा

पिकवले कितीही, तरी विकावे लागतेच. कोको विकत घेत होत्या युरोपातल्या मोठ्या कंपन्या. १९३७ साली त्यांतल्या बहुतेक कंपन्यांनी आपसांत करार केला. ठरल्या भावापेक्षा जास्त कोणी द्यायचा नाही, आणि कोणी किती माल घ्यायचा तेही वाटून घ्यायचे. म्हणजे बाजार नावाचा, भाव एकाचाच.

शेतकऱ्यांनी काय केले? त्यांनी कोको विकणेच बंद केले. गावोगावचे प्रमुख त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कंपन्यांच्या दुकानांतला परदेशी माल घेणेही लोकांनी सोडले. १९३७ च्या अखेरीपासून १९३८ च्या एप्रिलपर्यंत हे चालले. शेवटी इंग्रज सरकारने चौकशी मंडळ नेमले. कंपन्यांचा करार सुटला.

यातून एक गोष्ट सर्वांना कळली. व्यापार सारा व्यापाऱ्यांच्याच हाती राहिला, तर शेतकऱ्याला वाली नाही. म्हणून १९४७ साली सरकारने कोको विक्री मंडळ काढले. देशाचा सगळा कोको मंडळाने घ्यायचा आणि परदेशी विकायचा. भाव चढला की थोडे पैसे बाजूला ठेवायचे. भाव पडला की त्यातून शेतकऱ्याला सांभाळायचे. कल्पना चांगली होती. सुगीत कणगी भरून ठेवावी, तसलीच ती.

सरकार एकटे झाले, तेव्हा

पण कणगीची किल्ली एकाच्याच कमरेला राहिली, की घरातली भांडणे सुरू होतात. मंडळाकडे पैसा साचला. त्यातून विद्यापीठाला मदत झाली, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. हे चांगलेच झाले. पण हळूहळू सरकारला या पैशाची सवय लागली. राज्याचा खर्च कोकोतून भागू लागला. जगात भाव काहीही असो, शेतकऱ्याच्या हाती त्यातला वाटा थोडाच पडू लागला. १९६१ साली गावातली खरेदीही एकाच संघाकडे दिली गेली. दुसरा खरेदीदार नाही म्हटल्यावर वजनात मारले तरी जायचे कोणाकडे? अशा तक्रारी फार झाल्या आणि १९६६ नंतर ती पद्धत बदलावी लागली.

मंडळात नोकरही वाढत गेले. पुढे मोजणी झाली तेव्हा हजारो नावे अशी निघाली, की कागदावर पगार आहे पण माणूसच नाही! हा सारा खर्च निघत होता कोकोच्या पोत्यातून.

शेतकऱ्याने मोर्चा काढला नाही. त्याने हात आखडता घेतला. नवी झाडे लावणे थांबवले, जुनी झाडे राखणे सोडले. सरहद्दीजवळचे लोक रातोरात पोती शेजारच्या आयव्हरी कोस्ट देशात नेऊ लागले, कारण तेथे भाव बरा मिळे. त्यातच १९८२-८३ साली दुष्काळ पडला आणि रानांना वणवे लागले. १९६४-६५ साली साडेपाच लाख टनांवर गेलेले पीक १९८३-८४ साली सुमारे १ लाख ६० हजार टनांवर आले. पहिला नंबर तर कधीच गेला होता. तो आयव्हरी कोस्टने घेतला.

मग काम वाटून घेतले

तेव्हा घानाने कारभार बदलला. मंडळातले फाजील नोकर कमी केले. शेतकऱ्याचा भाव वाढवला. आणि १९९२-९३ च्या हंगामापासून खासगी खरेदीदारांना परवाने दिले. पण सगळेच त्यांच्या हवाली केले नाही. काम असे वाटले:

शेतकऱ्याने पिकवायचे, आंबवायचे, वाळवायचे.

परवानेवाल्या खरेदीदाराने गावात जाऊन माल घ्यायचा आणि गोदामापर्यंत पोचवायचा. सरकारने ठरवलेल्या भावापेक्षा कमी भाव त्याने द्यायचा नाही. त्याची मजुरी व वाहतूक मंडळ ठरवून देई. एका गावात दोन-तीन खरेदीदार आले, की शेतकरी म्हणू शकतो, "तुझा काटा ठीक नाही, मी पलीकडे जातो."

सरकारी मंडळाने बी-रोपे, संशोधन, औषधफवारणी, प्रतवारी आणि परदेशची विक्री पाहायची. सुमारे ६४ किलोचे पोते सरकारी तपासनीस उघडून पाहतो, प्रत लावतो आणि मोहोर करतो. या मोहोरेमुळे घानाच्या कोकोला जगात चांगले नाव आहे.

शेतकऱ्यांनी आपला स्वतःचा खरेदीदारही उभा केला. १९९३ साली 'कुआपा कोको' नावाचा सहकारी संघ निघाला. या नावाचा अर्थ 'चांगला कोको शेतकरी'. गावचे सभासद आपल्यातलाच एक माणूस निवडतात. तोच माल तोलतो आणि हिशेब लिहितो. १९९८ साली इंग्लंडमध्ये एक चॉकलेट कंपनी निघाली, तिचे भागही या संघाने घेतले. म्हणजे झाड लावणारा चॉकलेटच्या दुकानातही भागीदार झाला.

२००१ पासून सरकारने किडीवर आणि काळ्या पडणाऱ्या फळांवर फुकट फवारणी सुरू केली. पुढे निर्यातीच्या निव्वळ भावातले शंभरातले सत्तर शेतकऱ्याला द्यावेत, असे धोरण ठेवले. २०१०-११ साली पीक १० लाख टनांवर गेले. कारभार बदलला होता.

सांगून करावे, दामटून करू नये

सरकारचे काम नुसते हुकूम सोडण्याचे नाही, हेही घानाने पाहिले. कोकोला एक वाईट रोग लागतो. कोवळ्या फांद्या सुजतात, पाने पिवळी पडतात, आणि काही वर्षांत झाड मरते. पिठ्या ढेकूण हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. टाफो येथे १९३८ साली संशोधन केंद्र निघाले. तेथल्या शास्त्रज्ञांना उपाय एकच दिसला : रोगी झाड तोडणे.

सरकारने १९४७ साली सक्तीने तोड सुरू केली. पण फळांनी लगडलेले झाड कोणी तोडू लागला, तर कोणाचा जीव तुटणार नाही? रोग काय आहे हे लोकांना नीट कोणी सांगितले नव्हते. लोक खवळले. १९४८ साली देशात जी अशांतता झाली, तिला हेही एक कारण होते. सक्ती थांबवावी लागली. नंतर लोकांना समजावले, तोडलेल्या झाडांची भरपाई दिली, तेव्हा काम पुढे सरकले.

आजही प्रश्न संपलेले नाहीत

कारभार एकदा नीट बसवला म्हणजे कायमचा बसला, असे होत नाही. घानाचे मंडळ हंगामाआधीच बराच कोको ठरल्या भावाने परदेशी विकून ठेवी. यात भाव पडला तर बचाव होतो. पण २०२३-२४ साली उलटे झाले. तो फांद्या सुजण्याचा रोग पुन्हा वाढला. पाऊस वेळेवर झाला नाही. कित्येक बागा चोरून सोने काढणाऱ्यांनी खणून टाकल्या. पीक साडेपाच लाख टनांच्याही खाली आले. आणि त्याच वेळी, २०२४ साली, जगात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. माल तर आधीच कमी भावात विकलेला! सरकारने शेतकऱ्याचा भाव वाढवला खरा, पण जगातल्या भावाची बरोबरी झाली नाही. पुन्हा पोती सरहद्द ओलांडू लागली. २०२५ साली जगातला भाव बराच उतरला, तेव्हा चिंता दुसऱ्या बाजूने आली.

शिवाय बराचसा कोको अजून बियांच्या रूपानेच परदेशी जातो. मोठा नफा होतो तो पुढे, चॉकलेट करणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या घरी. म्हणून टेमा बंदराजवळ कोको दळण्याचे कारखाने निघाले आहेत. २०१९ साली घाना आणि आयव्हरी कोस्ट हे दोन शेजारी एक झाले. दोघे मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. भावाखेरीज टनाला ४०० डॉलर शेतकऱ्यासाठी वेगळे द्या, असे त्यांनी कंपन्यांना सांगितले. बागेत लहान मुले राबतात, हे दुःखही आहेच. बापाला पुरेसा भाव मिळेल, तर मुलगा शाळेत जाईल.

आपण काय घ्यावे?

आपल्याकडे कोणाचा कापूस आहे, कोणाचा कांदा, कोणाचा ऊस, कोणाचे दूध. माल वेगळा, पण प्रश्न तेच. व्यापारी नको म्हणून चालत नाही. माल हलवतो कोण? सरकार नको म्हणूनही चालत नाही. रोगावर औषध आणि वजनमापावर नजर ठेवतो कोण? पण दोघांवर सारे सोपवून शेतकरी झोपला, तर त्याचे पोते हलकेच भरते. घानाच्या खेड्यात काट्यात फेरफार करून शेतकऱ्याला नाडल्याचे प्रकार पुष्कळ झाले. ज्याला आकडा वाचता येत नाही, तो काट्यासमोर उभा राहूनही आंधळाच.

म्हणून माल विकताना तीन गोष्टी विचाराव्या. भाव कोणी ठरवला? काटा कोणाच्या हाती आहे? हिशेब कोण लिहितो? मग पावती मागून घ्यावी. ती सावकाश वाचावी. वजन, भाव, कपात आणि बेरीज, चारी आकडे आपण स्वतः पडताळावे. पटले तर खाली नाव लिहावे. आता अंगठा उठवण्याचे कारण नाही.