दामुअण्णांचा डोळा, अत्र्यांची लेखणी

मैत्रिणींनो, जुना मराठी विनोदी बोलपट घरात सगळ्यांनी मिळून पाहिलात का कधी? सासूबाई एका जागी हसतात, आपण दुसऱ्या, आणि पोरं तिसरीकडेच!

१९३८ चा ‘ब्रह्मचारी’ घ्या. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा, मास्टर विनायकांचा, लेखणी आचार्य अत्र्यांची. नायक औदुंबर ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो, नट्यांच्या तसबिरी फेकून देतो, आश्रमात दाखल होतो. अन् मग येते किशोरी! प्रतिज्ञा जितकी भारदस्त, तितकं तिचं मोडणं गमतीचं. पण शब्दांच्या विनोदाला कान तयार लागतो. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, कचेरीत उर्दूचा अंमल. ‘काय करायलीस गं?’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना अत्र्यांची कोटी पहिल्या झटक्यात उमगली असती का, शंकाच आहे. दामुअण्णा मालवणकरांचा चेहरा मात्र कुणालाही कळतो. चॅप्लिनने तर १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्येही आपल्या भटक्याला बोलू दिलं नाही; गायला लावलं, तेही अर्थ नसलेल्या शब्दांत.

दोन्ही गोष्टी जुळल्या त्या १९४० च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये. चिं. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक. त्यांचा चिमणराव झाले दामुअण्णा आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. चिमणराव भित्रा, फजितीत सापडलेला, पण बोलणं कसं अगदी सभ्य गृहस्थाचं! आपण विनोदी आहोत हे त्याच्या गावीही नसतं, म्हणून तर हसू येतं. (नावातल्या म्हणीचा अर्थ आपल्याला कुणी सांगायला नको!)

आता एक सांगते. दामुअण्णांचा डोळा तिरळा होता. त्यांनी तो लपवला नाही, त्यालाच कामाला लावलं. स्वतःच्या व्यंगावर स्वतः हसवणं ही त्यांची हुशारी. पण पोरं आरशापुढे तसे डोळे करतात आणि मग गल्लीतल्या तिरळ्या मुलीला बघूनही खिदळतात. तिथं मात्र त्यांचा कान धरा. टीव्ही बंद करायची गरज नाही, फरक समजावून सांगा.

आणि तुमच्याच बाळाची नजर सहा महिन्यांनंतरही तिरपी वाटत असेल, तर ‘मोठेपणी जाईल आपोआप’ म्हणून बसू नका. उशीर झाला की त्या डोळ्याची नजर अधू राहू शकते. लहानपणीच चष्मा, पट्टी किंवा शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून याच.