जाणते गिऱ्हाईक

24 ऑगस्ट 2024 रोजी नासाने ह्यूस्टनमध्ये जाहीर केले, की बोइंगचे स्टारलायनर यान अंतराळ स्थानकावरून रिकामेच परत आणले जाईल आणि त्यातून वर गेलेले सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर पुढच्या वर्षी स्पेसएक्सच्या यानातून परततील. आठवडाभराची मोहीम अशी नऊ महिन्यांवर गेली. आपल्याकडच्या बातम्यांत ‘अडकलेले अंतराळवीर’ एवढीच गोष्ट गाजली. सरकारी संस्था आणि खासगी कंपन्या यांच्या भागीदारीबद्दल या निर्णयाने जे सांगितले, ते मात्र मागे पडले. स्थानकाजवळ पोहोचताना स्टारलायनरच्या 28 छोट्या इंजिनांपैकी, म्हणजे थ्रस्टरपैकी, पाच बंद पडले होते आणि हेलियमची गळतीही सुरू होती. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स केंद्रात तसाच एक थ्रस्टर जमिनीवर पुन्हा पुन्हा चालवून पाहिला, तेव्हा उष्णतेने टेफ्लॉनचे एक सील फुगून इंधनाची वाट अडवत असावे, असे दिसले. परतीच्या प्रवासात थ्रस्टर पुरेसे चालतील, अशी बोइंगची खात्री होती. नासाच्या अभियंत्यांना तीच आकडेवारी पाहून तशी खात्री देता येईना. रिकामे यान 7 सप्टेंबरला सुखरूप उतरले. म्हणून निर्णय चुकला, असे काहींनी म्हटले. पण निर्णय जोखायचा तो त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर, आणि त्या दिवशी बिघाडाचे कारण पुरते कळलेले नव्हते. विकणारा ‘चालेल’ म्हणत असताना विकत घेणाऱ्याने स्वतःच्या चाचण्यांच्या जोरावर ‘नाही’ म्हटले. अवकाशातली खासगी भागीदारी टिकते ती या क्षमतेवर. कंत्राट कसे लिहिले आहे, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

कंत्राटाची पद्धत खरोखरच बदलली, आणि त्याचा फायदाही झाला, हे आधी मान्य केले पाहिजे. पूर्वी नासा कंपनीला झालेला सगळा खर्च देई आणि वर ठरलेला नफा. घर बांधायला काढून ठेकेदाराला ‘होईल तो खर्च अधिक टक्केवारी’ असे सांगितले, तर काम लवकर उरकण्याची घाई त्याला कशी असेल? 2006 मध्ये स्थानकावर माल नेण्यासाठी नासाने वेगळा करार आणला. रक्कम ठोक, पैसे टप्प्याटप्प्याने, आणि टप्पा पार केला तरच. कंपनीने स्वतःचेही भांडवल घालायचे. निवडलेल्या दोन कंपन्यांपैकी रॉकेटप्लेन किस्लरला भांडवल उभारता आले नाही, तेव्हा पुढच्याच वर्षी तिचा करार रद्द झाला. दुसरी कंपनी स्पेसएक्स. फाल्कन 9 हे रॉकेट जुन्या पद्धतीने विकसित केले असते, तर सुमारे 4 अब्ज डॉलर लागले असते, असा नासाचाच अंदाज होता. कंपनीने लहान फाल्कन 1 धरून सुमारे 39 कोटी डॉलरमध्ये काम केले, आणि तो हिशेब नासाने तपासूनही पाहिला. 2011 मध्ये स्पेस शटल निवृत्त झाल्यावर माणसे वर पाठवायला अमेरिकेला रशियाच्या सोयुझवाचून पर्याय उरला नव्हता. 2014 मध्ये ठोक रकमेचीच दोन कंत्राटे निघाली. बोइंगला 4.2 अब्ज डॉलर, स्पेसएक्सला 2.6 अब्ज.

यावरून ‘खासगी ते चपळ, सरकारी ते सुस्त’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. याच दोन कंत्राटांनी तो खोटा ठरवला आहे. ग्राहक तोच, कराराचा प्रकार तोच, आणि कंपन्या दोन्ही खासगी. स्पेसएक्सने मे 2020 मध्ये अंतराळवीर स्थानकावर नेले. जास्त पैसे मिळालेल्या, अनेक दशकांचा अनुभव असलेल्या बोइंगला त्यासाठी जून 2024 उजाडला, आणि या कामात तिचे दीड अब्ज डॉलरहून अधिक नुकसान झाले. मग फरक कशाने पडला? कंपन्यांच्या कामाच्या पद्धतीने, हे उघड आहे. पण एक कारण ग्राहकाच्या बाजूलाही आहे, आणि त्याची कबुली नासानेच दिली आहे. डिसेंबर 2019 मध्ये माणसांशिवाय गेलेल्या स्टारलायनरचे घड्याळ रॉकेटकडून वेळ घेताना 11 तासांनी चुकले. भलत्या वेळी इंजिने चालून इंधन संपत आले आणि यान स्थानकापर्यंत पोहोचलेच नाही. नंतरच्या चौकशीत नासाने मान्य केले, की स्पेसएक्सची रीत नवखी असल्याने आपली माणसे तिकडे जास्त बारकाईने पाहत राहिली. बोइंगची रीत ओळखीची, म्हणून तिच्या सॉफ्टवेअरकडे तेवढे लक्ष गेले नाही.

जिथे लक्ष होते तिथे काय घडले, हे एका लहानशा सुट्या भागावरून कळते. 28 जून 2015 रोजी स्थानकाकडे माल घेऊन निघालेले फाल्कन 9 उड्डाणानंतर 139 सेकंदांनी फुटले. वरच्या टप्प्यात द्रव ऑक्सिजनची टाकी असते आणि तिच्या आत हेलियमच्या बाटल्या पोलादी दांड्यांनी धरलेल्या असतात. त्यांतली एक दांडी तुटली, बाटली सुटली आणि टाकीतला दाब भडकला. कंपनीच्या तपासात ठपका आला तो दांडीच्या सदोष धातूवर, म्हणजे पुरवठादारावर. नासाच्या स्वतंत्र पथकाने दांडीच्या टोकाचा ओतीव तुकडा तपासला आणि निष्कर्ष वेगळा काढला. तो तुकडा विमान किंवा रॉकेटसाठी बनवलेल्या दर्जाचा नव्हता, साध्या औद्योगिक दर्जाचा होता. वापरताना चौपट सुरक्षितता धरा, असे तो बनवणाऱ्यानेच सुचवले होते आणि ते पाळले गेले नव्हते. म्हणजे चूक आराखड्यातली. दोन निष्कर्षांत फरक मोठा आहे. पहिला खरा धरला तर पुरवठादार बदलून भागते. दुसरा खरा असेल तर सुटे भाग निवडण्याची रीतच बदलावी लागते. हे सांगायला धातू ओळखणारी, कंपनीच्या पगारावर नसलेली माणसे लागतात. अशी माणसे एका रात्रीत भरती करता येत नाहीत. ती वर्षानुवर्षे स्वतः याने बांधून तयार होतात. स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाचे उष्णतारोधक कवचसुद्धा नासाच्या एम्स केंद्रात विकसित झालेल्या पदार्थावरून बेतले आहे. धूमकेतूची धूळ घेऊन 2006 मध्ये परतलेल्या स्टारडस्ट यानावर तो पदार्थ पारखून झाला होता.

यावर पहिला आक्षेप असा, की इतकी देखरेख ठेवली तर जुनाच कागदी कारभार परत येईल आणि स्वस्ताई संपेल. ही भीती निराधार नाही. प्रत्येक आराखड्यावर सरकारी सही हवी म्हटले, तर नव्या पद्धतीला अर्थ राहणार नाही. पण माणसाच्या जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी स्वतंत्रपणे तपासणे आणि कंपनीने कारखान्यात कोणते यंत्र वापरावे हे ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप मक्तेदारीचा. तो अधिक गंभीर आहे. जून 2025 मध्ये अमेरिकी अध्यक्षांशी खटके उडाले तेव्हा स्पेसएक्सचे इलॉन मस्क यांनी ड्रॅगन यान सेवेतून काढून घेऊ, असे जाहीर करून टाकले. काही तासांत त्यांनी शब्द मागे घेतले खरे, पण त्या काळात अमेरिकेकडे माणसे वर नेणारे दुसरे चालू यान नव्हते. ग्राहक कितीही जाणता असला, तरी बाजारात एकच दुकान असेल तर त्याच्या ‘नाही’ला वजन उरत नाही. 2024 मध्ये नासा बोइंगला नकार देऊ शकली, कारण ड्रॅगन हाताशी होते. म्हणून दुसऱ्या कंपनीवरचा खर्च मला उधळपट्टी वाटत नाही, ती कंपनी रखडली तरीही. तिसरी गोष्ट ठोक रकमेची मर्यादा. जे काम अजून नीट कळलेलेच नाही, त्याची किंमत आधी ठरवून घेतली की कंपनी एक तर बुडते किंवा सोडून जाते. स्थानकासाठी नवे अंतराळपोशाख बनवण्याच्या कामातून कॉलिन्स एरोस्पेस 2024 मध्ये बाहेर पडली, ते अशाच करारातून.

भारतात हा विषय आता अगदी दाराशी आला आहे. इस्रोचे खासगी उद्योगाशी नाते जुने आहे. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिने बनतात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये रॉकेटच्या मोटारींची आवरणे. पण ते नाते आराखडा इस्रोचा, जबाबदारी इस्रोची आणि घडवणूक कारखान्याची, असे होते. 2020 नंतर चित्र बदलू लागले. पाच पीएसएलव्ही रॉकेटे बनवण्याचे काम 2022 मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांना मिळाले. त्याच वर्षी स्कायरूट कंपनीचे विक्रम-एस आणि मे 2024 मध्ये अग्निकुल कंपनीचे रॉकेट श्रीहरिकोट्याहून झेपावले. दोन्ही उड्डाणे कक्षेपर्यंत न जाणारी असली, तरी आराखडाही कंपनीचा होता आणि धोकाही.

इस्रो स्वतः जाणते गिऱ्हाईक होऊ शकते, याचा पुरावाही मिळालेला आहे. अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांच्यासाठी स्थानकावर जाणाऱ्या ॲक्सिऑम-4 या खासगी मोहिमेतली जागा भारताने विकत घेतली होती. जून 2025 मध्ये उड्डाणाआधी फाल्कन 9 मध्ये द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. ती पूर्ण दुरुस्त करून पुन्हा चाचणी घ्यावी, असा आग्रह इस्रोच्या पथकाने धरला, असे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितले. उड्डाण पुढे गेले आणि 25 जूनला नीट पार पडले. परदेशी कंपनीपुढे हा आग्रह धरता आला, कारण द्रव ऑक्सिजनवर चालणारी इंजिने इस्रोने स्वतः, अपयशे पचवून, बनवली आहेत.

देशातल्या कंपन्यांच्या बाबतीत असा आग्रह कोण धरणार, हे मात्र अजून पक्के झालेले नाही. इन-स्पेस ही संस्था खासगी कंपन्यांना प्रोत्साहन देते, परवानगीही देते आणि देखरेखही करते. या तिन्ही जबाबदाऱ्या एकाच छताखाली फार काळ ठेवणे धोक्याचे आहे. उत्तेजन देणाऱ्याला अपघाताचा ठपका ठेवणे जड जाते. 2023 चे अवकाश धोरण आले, पण त्यामागे कायद्याचे बळ नाही. तसा कायदा लिहिताना अपघाताची चौकशी कंपनीपासून आणि परवानगी देणाऱ्यापासूनही स्वतंत्र ठेवावी, तिचा अहवाल ठरावीक मुदतीत लोकांसमोर यावा, आणि इस्रोच्या चाचणी केंद्रांतली अनुभवी पदे ‘आता कामे बाहेर गेली’ म्हणून रिकामी राहू नयेत, एवढ्या तीन गोष्टींचा हट्ट धरायला हवा.